प्लाझ्मा पुस्तकातून का शिकता येत नाही

चिप बनवण्याचे कारखाने हल्ली सतत बातम्यांत असतात. कुठे नवा कारखाना उभा राहतोय, कोणी कोणाला यंत्रं विकायला बंदी घातली, हे आपण वाचतो. त्या कारखान्यात आत नेमकं काय चालतं असं विचारलं, तर उत्तरात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो : प्लाझ्मा. त्याच सुमारास कुठल्यातरी कोपऱ्यात एक छोटी बातमीही असते. एखाद्या विद्यापीठात ‘प्लाझ्मा तंत्रज्ञान आणि त्याचे औद्योगिक उपयोग’ या विषयावर आठवडाभराची कार्यशाळा, विज्ञान निधीचं अर्थसाहाय्य, देशोदेशीचे तज्ज्ञ. पहिल्या बातमीवर वाद झडतात, दुसरी कोणी वाचत नाही. वाचलीच तर मनात येतं, चार व्याख्यानं आणि शेवटी एक ग्रुप फोटो, याला सार्वजनिक पैसा कशाला?

माझ्या मते पहिली बातमी दुसरीच्या खांद्यावर उभी असते. हे पटवायचं तर आधी प्लाझ्मा म्हणजे काय ते पाहावं लागेल, आणि तो हाताळणं इतकं बिकट का आहे तेही.

## रक्तातला नव्हे

रक्तदानाच्या संदर्भात ऐकलेला प्लाझ्मा वेगळा, हा वेगळा. नाव मात्र एकच, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत आयर्विंग लँगम्यूर हा शास्त्रज्ञ विजेने चमकणाऱ्या वायूंचा अभ्यास करत होता. १९२८ साली त्याने या चमकत्या वायूला ‘प्लाझ्मा’ म्हटलं. त्याच्या एका सहकाऱ्याने पुढे लिहून ठेवलंय की रक्तातला द्रव जसा पेशींना वाहून नेतो, तसा हा वायू विद्युतभारित कणांना वाहून नेतो, अशी तुलना लँगम्यूरच्या डोक्यात होती. तुलना फारशी जमलेली नाही, पण नाव चिकटलं. या शास्त्राचं बारसं विद्यापीठात नाही, दिव्यांच्या कंपनीत झालं, एवढं इथे लक्षात ठेवू.

आता मूळ गोष्ट. वायू म्हणजे सैरावैरा पळणारे अणू-रेणू. प्रत्येक अणूत मधे धनभारित केंद्रक आणि भोवती ऋणभारित इलेक्ट्रॉन. दोन्ही भार सारखे असल्यामुळे अणू बाहेरून उदासीन असतो आणि साध्या वायूतून वीज वाहत नाही. त्या वायूला पुरेशी ऊर्जा दिली, तर काही अणूंमधला एखादा इलेक्ट्रॉन सुटून बाहेर पडतो. इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूला आयन म्हणतात. मोकळे इलेक्ट्रॉन, आयन आणि बरेचसे धडधाकट अणू यांचं जे मिश्रण तयार होतं, तो प्लाझ्मा. तो वीज वाहून नेतो, चुंबकाला दाद देतो, चमकतो. आकाशातली वीज, वेल्डिंगची ठिणगी, सूर्य ही सगळी त्याचीच रूपं. वायू किती तापवला की त्यातले किती अणू असे फुटतात, याचं गणित मेघनाद साहांनी १९२० साली मांडलं. ताऱ्यांच्या प्रकाशाचा अर्थ लावायला ते आजही वापरतात.

## ट्यूबलाइट हाताला का भाजत नाही

प्लाझ्मा म्हटलं की डोळ्यांसमोर अतिउष्ण काहीतरी येतं. तापमान वाढवून वायू फोडायचा तर हजारो अंशांवर जावं लागतं, हे खरंच आहे. पण मग जुन्या पद्धतीची ट्यूबलाइट आठवा. तिच्यातही प्लाझ्माच असतो, तरी पेटलेल्या ट्यूबला हात लावला तर ती जेमतेम कोमट लागते. आतल्या इलेक्ट्रॉनांचं तापमान मात्र सुमारे ११ हजार अंश असतं. सूर्याच्या पृष्ठभागाचं साडेपाच हजार आहे. हे कसं?

इलेक्ट्रॉन अतिशय हलका असतो. नायट्रोजनचा एक रेणू त्याच्यापेक्षा जवळजवळ ५१ हजार पट जड असतो. विजेचा धक्का बसला की हलके इलेक्ट्रॉन लगेच वेग घेतात, पण जड रेणूंवर आदळून परततात तेव्हा त्यांच्या ऊर्जेचा अगदी क्षुल्लक भाग, सरासरी २५ हजारावा, त्या रेणूला मिळतो. उभ्या ट्रकवर टेबलटेनिसचा चेंडू फेकल्यासारखं. चेंडू कितीही जोरात आपटला तरी ट्रक जागचा हलत नाही. ट्यूबमधली हवा काढून आत अगदी विरळ वायू ठेवलेला असतो. त्यामुळे टकराही कमी होतात. परिणामी एकाच नळीत दोन तापमानं शेजारी शेजारी नांदतात : इलेक्ट्रॉन तप्त, बाकीचा वायू थंड. शिवाय ते तप्त इलेक्ट्रॉन संख्येने इतके थोडे की त्यांच्याकडची एकूण उष्णताही नगण्य. ग्राइंडरची ठिणगी हातावर पडते तेव्हा हेच होतं. ती हजार अंशांच्या आसपास असूनही भाजत नाही, कारण ती कणभरच असते.

याला थंड प्लाझ्मा म्हणू. दुसरा उष्ण प्लाझ्मा. त्यात टकरा इतक्या होतात की सगळे कण एकाच तापमानाला येतात. वेल्डिंग आणि धातू कापण्याच्या यंत्रांत हा असतो. लेखाच्या पुढच्या भागासाठी एवढी परिभाषा पुरे.

थंड प्लाझ्माची गंमत ही, की एरवी हजारो अंशांवर होणारं रसायन तो साध्या तापमानाला घडवतो. वितळू शकणाऱ्या प्लास्टिकवर, जळू शकणाऱ्या कापडावर, जिवंत त्वचेवरसुद्धा. तप्त इलेक्ट्रॉन रेणू फोडतात, त्यातून अत्यंत खवळलेले तुकडे तयार होतात, आणि ते तुकडे समोरच्या वस्तूवर काम करतात. वस्तू स्वतः तापत नाही.

## कारखान्यात तो करतो काय

सगळ्यात नाट्यमय उदाहरण चिपचं, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

चिप म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेली सूक्ष्म नक्षी. पूर्वी हे कोरकाम आम्लाने होई. नको असलेला भाग उघडा ठेवायचा, बाकीचा झाकायचा, आम्लात बुडवायचं. पण आम्लाला दिशा कळत नाही. ते जितकं खाली खातं तितकंच बाजूलाही खातं, नदीचं पाणी काठाखालची माती पोखरतं तसं. चर रुंद असेपर्यंत चालून जातं. चर खोलीपेक्षा अरुंद हवा झाला की शेजारचे दोन चर एकमेकांत कोसळतात. चिप आणखी लहान करायची वाट इथे बंद होत होती.

प्लाझ्माने ती उघडली. प्लाझ्मातले चपळ इलेक्ट्रॉन जवळच्या कुठल्याही पृष्ठभागावर आयनांच्या आधी जाऊन पोहोचतात. त्यामुळे तो पृष्ठभाग ऋणभारित होतो आणि धनभारित आयनांना आपल्याकडे ओढू लागतो. ही ओढ अगदी पातळ थरात असते आणि पृष्ठभागाला बरोबर काटकोनात असते. वारा नसताना पडणाऱ्या पावसासारखे आयन सरळ खाली येतात, चराच्या तळावर आदळतात, भिंतींना जवळजवळ स्पर्श करत नाहीत. सोबत वायूचे खवळलेले तुकडे, बहुधा फ्लोरिनचे अणू, सिलिकॉनशी संयोग पावून त्याचाच वायू बनवतात आणि पंप तो ओढून घेतो. घन सिलिकॉन वायू होऊन निघून जातो.

इथे एक प्रयोग सांगायलाच हवा. १९७९ साली आयबीएमच्या कोबर्न आणि विंटर्स या दोघांनी सिलिकॉनवर आधी फक्त फ्लोरिन देणारा वायू सोडला. मिनिटाला सुमारे ५ अँगस्ट्रॉम सिलिकॉन गेला. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. नुसते आर्गॉनचे आयन मारले, तेव्हा तर त्याहूनही कमी. दोन्ही एकदम सुरू केले आणि वेग ५५ च्या आसपास गेला. बेरीज सात-आठ व्हायला हवी होती. आयन पृष्ठभागाला हादरवून सैल करतात आणि वायू सैल झालेलं उचलतो. एकट्याला जे जमत नाही ते जोडीला जमतं. चिपचं कोरकाम या जोडीवर उभं आहे. चिपवर नक्षी छापणाऱ्या, गेल्या काही वर्षांत गाजलेल्या सर्वांत प्रगत यंत्रांत तर प्रकाशही प्लाझ्मातूनच मिळवतात : वितळलेल्या कथलाचे सेकंदाला सुमारे ५० हजार थेंब, आणि त्या प्रत्येकावर लेझरचा मारा.

बाकीचे उपयोग कमी चमकदार आहेत, पण जास्त पसरलेले. पॉलिथिनच्या पिशवीवर शाई टिकत नाही, कारण त्याचा पृष्ठभाग शाईला चिकटूच देत नाही. छपाईआधी त्यावरून विजेचा हलका झोत फिरवतात, पृष्ठभागावर ऑक्सिजन असलेले गट तयार होतात आणि शाई धरते. हे १९५० च्या दशकापासून चालू आहे आणि आज आपण हाताळतो त्या छापील वेष्टनांपैकी फार मोठ्या भागावर झालेलं असतं. गिअरचे दाते झिजू नयेत म्हणून पोलादात नायट्रोजन मुरवतात, तोही पाचशे अंशांच्या आसपास जांभळ्या चमकत्या प्लाझ्मात. विमानाच्या इंजिनातली पाती ज्या उष्णतेत फिरतात ती त्यांच्या धातूला सोसणारी नसते. त्यावर झिरकोनिया या उष्णता अडवणाऱ्या पदार्थाचा थर उष्ण प्लाझ्माच्या झोतातून फवारता येतो. सौर पॅनेलचा निळसर रंग प्लाझ्माच्या मदतीने चढवलेल्या सिलिकॉन नायट्राइडच्या थराचा असतो. आणि पाणी शुद्ध करणारा ओझोन? वर्नर फॉन सीमेन्सने १८५७ मध्ये काचेच्या थरामधून विजेचा विसर्ग घडवून तो बनवायचं उपकरण मांडलं. आजची मोठी ओझोन यंत्रं त्याच तत्त्वावर चालतात.

## पण यंत्र आणलं, बटण दाबलं, झालं. नाही का?

नाही. खरी गोम इथे आहे.

गिअरला नायट्रोजन देणारी भट्टी घ्या. आत भाग ठेवले, हवा काढली, वायू सोडला, वीज दिली. एखाद्या भागाला खोलगट भोक असेल तर त्या भोकात इलेक्ट्रॉन अडकतात, भिंतींमधे मागे-पुढे आपटत राहतात, तिथली चमक एकाएकी प्रखर होते आणि बाकीचा भाग ठीक असताना भोकाची कड तापून बाद होते. भागांवर यंत्रतेलाचा नुसता पुसट थर राहिला असेल, तर सुरुवातीला जागोजागी ठिणग्या उडतात आणि पृष्ठभागाला व्रण पडतात. किती वेळ, किती दाबावर, किती जपून सुरू करायचं, हे मार्गदर्शिकेत असतं. पण ठिणगी ‘आता कमी होतेय’ आणि ‘आता बिघडतंय’ यांतला फरक खिडकीतून बघून ओळखावा लागतो. पोहण्याबद्दल वाचता येतं, पण पोहणं पाण्यातच शिकावं लागतं, तसं हे.

यापेक्षा ठोस पुरावा हवा असेल तर तो शास्त्रज्ञांनी स्वतःच्याच विरोधात गोळा केलेला आहे. १९८० च्या दशकात चिपसाठी प्लाझ्मावर संशोधन जोरात होतं, पण एका प्रयोगशाळेचे आकडे दुसरीशी जुळत नसत. प्रत्येकाची प्लाझ्मा पेटवण्याची पेटी वेगळी, प्रत्येकाच्या तारा वेगळ्या. १९८८ साली या क्षेत्राच्या वार्षिक परिषदेच्या निमित्ताने मंडळी एकत्र बसली आणि ठरवलं की एकच प्रमाण पेटी आखू या, सगळ्यांनी तीच बनवावी. इलेक्ट्रोडचा, म्हणजे आत वीज देणाऱ्या चकतीचा, व्यास तोच, अंतर तेच, वारंवारता तीच १३.५६ मेगाहर्ट्झ. ही संख्या अनेकांना कोड्यात टाकते, पण कारण साधं आहे : रेडिओ संदेशांत व्यत्यय येऊ नये म्हणून हा पट्टा उद्योगांसाठी राखून ठेवलेला आहे.

मग पाच प्रयोगशाळांत अशा सहा पेट्यांवर तीच मोजमापं केली गेली. शुद्ध आर्गॉन, ठरलेला दाब, ठरलेलं व्होल्टेज. निष्कर्ष १९९४ मध्ये छापले गेले आणि त्यातला एक मला फार आवडतो : पेटीच्या बाहेरचं विद्युत मंडल, म्हणजे मागची वायरिंग आणि वीज पुरवणारं यंत्र, यांचाही आतल्या प्लाझ्मावर लक्षणीय परिणाम होतो. म्हणजे नकाशा तोच, वायू तोच, आणि तरीही प्लाझ्मा तोच असेल याची खात्री नाही. डायलवरचा आकडा प्लाझ्माची ओळख सांगत नाही.

विचार करा. हे जगातल्या निष्णात लोकांचं झालं, तेही मुद्दाम सारखी यंत्रं बनवून. नव्याने यंत्र विकत घेणाऱ्या कारखान्याची किंवा नव्याने विषय सुरू करणाऱ्या विभागाची काय कथा! आणि हा घोळ उलगडला कसा? लोक एका खोलीत बसले, ‘तुमच्याकडे किती आलं?’ असं एकमेकांना विचारलं, लाज न बाळगता. पुढे, २०१६ साली, युरोपात वैद्यकीय उपयोगाच्या प्लाझ्मासाठीही असाच एक प्रमाण झोत प्रसिद्ध झाला. तोही वेगवेगळ्या देशांतल्या गटांच्या एकत्र येण्यातून. विषय बदलला, अडचण तीच निघाली.

## मग कार्यशाळेत होतं काय

चांगल्या कार्यशाळेत सकाळी व्याख्यान असतं आणि दुपारी हात काळे होतात. सुरुवातीचा एक प्रयोग बहुतेक ठिकाणी असतो. काचेची नळी, दोन टोकांना धातूच्या चकत्या, एक पंप. साध्या हवेत एक सेंटिमीटरचं अंतर ओलांडून ठिणगी पाडायला सुमारे ३० हजार व्होल्ट लागतात. पंपाने हवा कमी करत गेलं की लागणारं व्होल्टेज भराभर उतरतं. विद्यार्थ्यांना वाटतं, हवा जितकी कमी तितकं सोपं. आणि मग एका टप्प्यानंतर ते अचानक पुन्हा चढायला लागतं. हवेसाठी सगळ्यात खालचा बिंदू ३३० व्होल्टच्या आसपास असतो. त्याखाली कितीही धडपड केली तरी नळी पेटत नाही.

कारण समजलं की विसरत नाही. इलेक्ट्रॉनला अणू फोडायला आधी धावून वेग घ्यावा लागतो. गर्दी फार असेल तर दोन पावलांत धक्का लागतो, वेगच येत नाही. गर्दी फारच विरळ असेल तर वेग येतो, पण धडकायला कोणी भेटत नाही आणि तो सरळ पलीकडच्या चकतीवर जाऊन आदळतो. मधे कुठेतरी नेमकी गर्दी असते. हा नियम फ्रीडरिश पाशेनने १८८९ मध्ये शोधला. पुस्तकात तो एक वक्र रेष असतो, आणि नळीवर हात ठेवून पंपाची झडप फिरवणाऱ्याला तो बोटांत उमजतो.

त्यानंतर गळती शोधणं येतं. ऐकायला क्षुल्लक, पण निर्वात यंत्रणेत बारीकशी फट म्हणजे आत नकोसा ऑक्सिजन, आणि मग दिवसभराचं काम पाण्यात. मग प्लाझ्मात बारीक तार घालून त्याचं तापमान आणि घनता मोजणं. ही युक्तीही लँगम्यूरचीच. आकडा काढणं सोपं, तो खोटा कधी असतो हे ओळखणं अवघड. तारेवर थर चढला की ती बिनदिक्कत चुकीचं सांगत राहते. हे शिकवणारा माणूस शेजारी उभा असावा लागतो, कारण तारेकडे बघून ‘ही आता धुवायला हवी’ असं कोणतंही सूत्र म्हणत नाही.

या सगळ्याला लागणारा पैसा कुठे जातो? पंप, वायूची नळकांडी, सुटे भाग, जुनं पण चालू यंत्र दोन आठवडे मोकळं ठेवणं, आणि ज्यांच्या संस्थेकडे प्रवासाला पैसे नाहीत अशांचं येणं-जाणं. शेवटची बाब लोकांना चैन वाटते. माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची, कारण ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांना कार्यशाळेची गरज तुलनेने कमी असते.

## एक उदाहरण, जे मला पुरेसं वाटतं

१९८५-८६ मध्ये क्वालालंपूरच्या मलाया विद्यापीठात सहा महिन्यांचा प्लाझ्मा प्रशिक्षण वर्ग झाला. आधार संयुक्त राष्ट्रसंघ विद्यापीठाचा होता, आणि इटलीतल्या त्रिएस्तच्या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्राचा, म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या संस्थेचा. आशिया-आफ्रिकेतल्या शिकाऊ संशोधकांना तिथे नुसते पाठ दिले नाहीत. प्राध्यापक सिंग ली यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ‘प्लाझ्मा फोकस’ नावाचं उपकरण स्वतः जोडलं, चालवलं, मोजलं. आणि मग अशी उपकरणं भारतासह अनेक देशांत नेली गेली.

उपकरण मुद्दाम साधं ठेवलं होतं. वीज साठवणारा एकच मोठा कपॅसिटर, १५ हजार व्होल्टपर्यंत भरलेला, ऊर्जा सुमारे ३ किलोज्यूल. म्हणजे १०० वॅटचा दिवा अर्धा मिनिट पेटेल एवढीच. पण ती ऊर्जा सेकंदाच्या काही लाखाव्या भागात सोडली की वायूचा थर आवळत जाऊन एका बिंदूशी गोळा होतो आणि क्षणभर अतितप्त, दाट प्लाझ्मा बनतो. आत ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, भरलं तर खरंखुरं केंद्रकीय संमीलन होऊन, म्हणजे दोन अणुकेंद्रकं एकत्र येऊन, न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्या यंत्रांवर पुढे अनेकांनी पीएचडी केली. १९८८ मध्ये याच जाळ्यातून आशियाई-आफ्रिकी प्लाझ्मा प्रशिक्षण संघटना उभी राहिली.

या कहाणीत अवाढव्य खर्च नाही, गाजावाजाही नाही. सहा महिने, एक कार्यशाळा, आणि घरी न्यायला एक यंत्र, जे बिघडलं तर दुरुस्त करता येईल, कारण ते जोडलं तुम्हीच होतं.

## ‘हे सगळं आता ऑनलाइन मिळतं’

सिद्धांत मिळतो, आणि उत्तम मिळतो. संगणकावर प्लाझ्माचं अनुकरण करणारे प्रोग्रॅम आहेत, मोफतसुद्धा. ते कार्यशाळेआधी पाहून आले तर सोन्याहून पिवळं. पण वर सांगितलेला पेटीचा किस्सा आठवा. अनुकरणात मागची वायरिंग कोणी घातलेली नसते. आणि संशोधन-लेखांत जमलेले प्रयोग छापले जातात, फसलेले नाहीत. ‘आमची नळी पहिले सहा महिने पेटायचीच नाही, शेवटी रबरी रिंग बदलली’ हे वाक्य कुठल्याही नियतकालिकात सापडणार नाही. ते चहाच्या सुट्टीत ऐकायला मिळतं.

## ‘फायदा उद्योगांचा, तर पैसेही त्यांनीच द्यावेत’

हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. मोठे उद्योग आपल्या यंत्रांचं प्रशिक्षण देतातच. पण ते आपलं यंत्र चालवायला शिकवतात, आतला वायू काय करतोय ते सांगतीलच असं नाही. कधी कधी ते त्यांचं व्यापारी गुपित असतं. शिकलेला माणूस उद्या प्रतिस्पर्ध्याकडे जाईल, ही भीती वेगळीच. म्हणून सगळ्यांना उपयोगी पडणारं मूलभूत शिक्षण एकट्या कंपनीच्या गळ्यात पडत नाही आणि पडणारही नाही. लहान कारखान्यांना तर ते परवडतच नाही. व्यवहार्य तोडगा असा की सार्वजनिक निधीने खोली, पंप आणि प्रवास द्यावा, उद्योगांनी यंत्रं आणि आपले खरे बिघडलेले नमुने आणावेत. शेवटचं फार मोलाचं. फुटलेला गिअर समोर ठेवला की व्याख्यान आपोआप मुद्द्यावर येतं.

## ‘वीज किती खातो हा प्रकार!’

कधी कधी फार खातो, आणि त्याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. १९०३ मध्ये नॉर्वेचा शास्त्रज्ञ क्रिस्तियान बिर्केलान विद्युतचुंबकीय तोफेचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवत होता. शॉर्टसर्किट झालं, प्रचंड ठिणगी पेटली, प्रेक्षक घाबरले, प्रात्यक्षिक फसलं. थोड्याच दिवसांत त्याची सॅम आयडे या उद्योजकाशी गाठ पडली. आयडेला विजेची मोठी ठिणगी हवी होती, हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडून खत बनवण्यासाठी. बिर्केलान म्हणाला, ती माझ्याकडे आहे. १९०५ पर्यंत नोटोडेन इथे कारखाना सुरू झाला. तंत्र चाललं, पण वीज इतकी लागायची की स्वस्त जलविद्युत असलेल्या जागेबाहेर ते परवडेना, आणि नायट्रोजनपासून अमोनिया बनवणाऱ्या हाबर-बॉश पद्धतीपुढे ते मागे पडलं.

तेव्हा प्लाझ्मा सगळीकडे लावण्याचं औषध नाही. कचरा प्लाझ्मात टाकून ‘शून्य’ करण्याच्या जाहिराती वाचताना हा इतिहास आठवावा. विजेचा हिशेब आणि बाहेर येणाऱ्या वायूंचं मोजमाप मागावं. पण पृष्ठभागाचे वरचे काही अणू बदलायचे असतील, तर संपूर्ण वस्तू तापवण्यापेक्षा थंड प्लाझ्मा काटकसरीचा ठरतो. शिवाय सौर आणि पवन वीज लहरी असते, आणि प्लाझ्मा क्षणात सुरू आणि क्षणात बंद होतो. म्हणूनच बिर्केलानची जुनी कल्पना नव्या रूपात पुन्हा तपासली जातेय.

## आणि वातावरणाचं काय

हा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि या क्षेत्राने तो बराच काळ टाळला. चिपच्या कोरकामात आणि यंत्रं साफ करायला वापरले जाणारे फ्लोरिनयुक्त वायू भयंकर हरितगृह वायू आहेत. नायट्रोजन ट्रायफ्लोराइड १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे १७ हजार पट तापवतो. कार्बन टेट्राफ्लोराइड एकदा हवेत गेला की तो सुमारे ५० हजार वर्षं तिथेच राहतो. हे वायू इतके टिकाऊ म्हणूनच सुरक्षित आणि सोयीचे वाटले, आणि तोच त्यांचा दोष. उरलेला वायू बाहेर सोडण्याआधी जाळून किंवा पुन्हा प्लाझ्मातच फोडून टाकणारी यंत्रं आहेत. ती नीट चालतायत की नुसती बसवलेली आहेत, हे तपासायलाही प्लाझ्मा कळणारा माणूस लागतो. कारखान्याच्या बाजूनेही आणि तपासणाऱ्या यंत्रणेच्या बाजूनेही.

## पैसे देणाऱ्याने काय विचारावं

सगळ्याच कार्यशाळा मदतीच्या लायकीच्या नसतात. उद्घाटन दोन तास आणि प्रयोग अर्धा तास, असा कार्यक्रम असेल तर तो सरळ नाकारावा. एका यंत्रामागे किती माणसं, हा पहिला प्रश्न. वीस असतील तर अठरा जण नुसते बघणार. गिअरवर, प्लास्टिकवर, चिपवर काम करणारे आणि भौतिकशास्त्राचे विद्यार्थी एकाच बाकावर बसणार आहेत का, हा दुसरा. परत गेल्यावर कोणाला फोन करायचा, हेही लेखी ठरलेलं असावं, कारण पहिली खरी अडचण स्वतःच्या प्रयोगशाळेत, तिसऱ्या आठवड्यात येते. आणि जाताना सोबत काय न्यायचंय : प्रमाणपत्र, की स्वतः जोडलेली एखादी मोजणी-तार, एक साधा वीजपुरवठा, आणि तो कुठे बिघडतो याची वही?